आंद्रेआ आमातीच्या पद्धतीने एक लहान व्हायोलिन: क्रेमोनातल्या कामाच्या नोंदी

१४ सप्टेंबर २०२४

काम काय आहे ते आधी सांगते. फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स याच्या दरबारासाठी इटलीतल्या क्रेमोनाचा व्हायोलिनकार आंद्रेआ आमातीने १५६० च्या दशकात वाद्यांचा जो संच केला, त्यात दोन मापांची व्हायोलिनं होती. लहानाची पेटी, म्हणजे मान सोडून पोकळ अंग, सुमारे ३४ सेंटिमीटर लांब, मोठ्याची ३५ हून थोडी जास्त. त्यातलं लहान माप घ्यायचं आणि व्हायोलिन शक्य तितकं त्याच्याच पद्धतीने करायचं. म्हणजे आतला साचा (ज्याभोवती कडेच्या पट्ट्या वळवतात ती फळी), कोपऱ्यांत आणि टोकांना विलोच्या लाकडाचे ठोकळे, सरस, खिळ्यांनी जोडलेली मान आणि तातीच्या, म्हणजे आतड्याच्या, तारा. मूळ वाद्यांवरचं सोनेरी काम आणि चित्रं मी करणार नाही.

जागा क्रेमोनातच मिळाली. एका वयस्कर कारागिरांच्या कार्यशाळेत बाक भाड्याने घेतलाय, महिना १२० युरो. सगळे त्यांना माएस्त्रो म्हणतात, मीही तेच म्हणते. माझी नोकरी मिलानला आहे, शनिवारी रेल्वेने इथे येते. नोंदी मराठीत लिहिते कारण मिरज-पुण्याकडची दोघं-तिघं हेच काम सुरू करताहेत आणि त्यांना रोजच्या अडचणींबद्दल वाचायचंय. लाकूड कुठून येतं, कुठे तडकतं, किती पैसे जातात, हे.

आंद्रेआबद्दल थोडक्यात. जन्म १५०५ च्या सुमाराचा. १५२६ च्या शहरनोंदीत तो आणि त्याचा भाऊ जोव्हान्नी आंतोनिओ हे जोव्हान्नी लेओनार्दो दा मार्तिनेंगो या वाद्यकाराच्या घरात राहताना दिसतात. १५३८ मध्ये त्याने सान फाउस्तीनो वस्तीत घर भाड्याने घेतलं. १५७७ च्या अखेरीस तो वारला. त्याची आंतोनिओ आणि जिरोलामो ही मुलं, आणि नातू निकोलो, हाच धंदा पुढे चालवत राहिले. कागदावर एवढंच आहे. तो काम कसं करायचा हे कुठल्याच कागदात नाही, ते वाद्यं उघडून दुरुस्त करणाऱ्यांनी आतल्या खुणांवरून ओळखलंय. माझं सगळं काम त्या खुणांच्या आधाराने चालणार आहे.

आज म्युझेओ देल व्हिओलीनो या इथल्या व्हायोलिन संग्रहालयात जाऊन त्या संचातलं व्हायोलिन काचेआडून पुन्हा बघितलं. पाठीवरच्या राजचिन्हाचा रंग जिथे हात लागतो तिथेच उडालाय. कडेच्या पट्टीवरची लॅटिन अक्षरं, ‘धर्मनिष्ठा आणि न्याय’ हे चार्ल्सचं ब्रीद, काही ठिकाणी नुसती सावलीसारखी उरलीत. काचेपलीकडून पाठीचा फुगवटा डोळ्याने मोजायचा प्रयत्न केला, पण चित्रांमुळे उजेड फुटतो आणि नीट दिसत नाही. त्यासाठी माएस्त्रोंकडचे प्लास्टरचे ठसे वापरेन.

२८ सप्टेंबर

साचा नंबर एक वाया गेला. अक्रोडाची १४ मिलिमीटर जाडीची फळी, २५ युरो.

छापील मोजणीपत्रकावरून पाठीची बाह्यरेषा घेतली. कडेची झूल (पाठ पट्टीबाहेर जेवढी डोकावते ती) अडीच मिलिमीटर आणि पट्टीची जाडी एक मिलिमीटर वजा केली, करवतीने कापलं, कानशीने साफ केलं. मधली रेघ मारून दोन्ही बाजू ताडून बघितल्या तर डावा खालचा भाग उजव्यापेक्षा जवळजवळ दोन मिलिमीटर फुगीर आणि चारही कोपरे चार तऱ्हेचे. मोजणीपत्रकात चूक नव्हती. साडेचारशे वर्षांत कोपरे झिजलेत, कडा दुरुस्त झाल्यात, पेटी कितीतरी वेळा उघडून पुन्हा चिकटवलीय. पत्रकात आजच्या वाद्याचं माप अचूक आहे, आंद्रेआच्या साच्याचं नाही.

माएस्त्रो म्हणाले, तू शेवटापासून सुरुवात केलीस. व्हायोलिनची बाहेरची रेषा सगळ्यात शेवटी तयार होते. साच्यावरून पट्ट्या वळतात आणि पट्ट्यांवरून पाठ-पोट (मागची आणि पुढची फळी) आखलं जातं. मग रेषा साच्यातून यायला हवी.

१२ ऑक्टोबर, दसरा

बाकावर रंधा, पटाश्या, गुण्या, कंपास मांडून हळद-कुंकू वाहिलं. फुलं म्हणून बागेतली शेवंती. माएस्त्रोंनी विचारलं तेव्हा सांगितलं, आज हत्यारांना सुट्टी असते. ते म्हणाले, मग पेन्सिल चालेल ना. म्हणून आज कापणं नाही, फक्त आखणी.

कंपास आणि पट्टी एवढ्यावरच साचा आखला. उभी मधली रेघ, तिच्यावर वरची, मधली आणि खालची अशा तीन रुंद्या. मग प्रत्येक भागासाठी एकेक वर्तुळखंड, जिथे दोन खंड भेटतात तिथे त्यांची केंद्रं एका रेघेत. कंबरेचा वळसा सगळ्यात लहान त्रिज्येचा. कागद खोडरबराने फाटेपर्यंत आखलं, शेवटी मोजणीपत्रकावर ठेवलं तेव्हा झिजलेले कोपरे सोडून रेषा जवळपास सगळीकडे जुळली. आपण झीज नक्कल करत होतो हे तिथे समोर दिसलं.

ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी महत्त्वाचं: फक्त अर्ध्या बाजूचा पातळ नमुना करा, मधल्या रेघेवर दोन टाचण्यांच्या भोकांत पक्का करा, एक बाजू आखा, उलटा आणि दुसरी आखा. दोन्ही बाजू वेगवेगळ्या आखल्या तर कधीच सारख्या येत नाहीत.

आंद्रेआचा साचा शिल्लक नाही. क्रेमोनाचाच नंतरचा नामवंत कारागीर स्ट्राडिव्हारी, त्याचे आहेत आणि तेही इथेच, व्हायोलिन संग्रहालयात. स्ट्राडिव्हारीच्या मुलाकडून वाद्यसंग्राहक काउंट कोत्सिओने घेतले, पुढे १९२० मध्ये कारागीर फियोरीनीने विकत घेतले आणि १९३० मध्ये शहराला दिले. सहा ठोकळ्यांसाठी सहा खाचा, दोरी-दांडीने पट्ट्या आवळायला गोल भोकं. शंभराहून जास्त वर्षांनीही पद्धत तीच होती. निकोलोच्या घरातून ती बाहेर पोचली, कारण १६३० च्या प्लेगमध्ये जिरोलामो गेल्यावर शहरात हे काम करणारा निकोलो एकटा उरला आणि त्याने घराबाहेरची मुलं शिकाऊ म्हणून घेतली. पुढे नावाजलेल्या ग्वार्नेरी घराण्याचा पहिला कारागीर आंद्रेआ ग्वार्नेरी त्यांतलाच.

मिरजेला सतारमेकर गल्लीत लहानपणी बघितलंय, तंबोऱ्याचं माप भोपळा ठरवतो. पंढरपूरकडचा भोपळा जसा वाढला तशी तबली आणि दांडी बेतायची. कारागिराचा डोळा तिथे सगळं सांभाळतो, आणि म्हणूनच एका भोपळ्याचा तंबोरा दुसऱ्यासारखा होत नाही. आंद्रेआने माप लाकडाच्या फळीत बांधून ठेवलं. राजाचा माणूस एकाच घडणीची डझनावारी व्हायोलिनं मागायला आला तेव्हा ती देता आली, ती या फळीमुळे. मला हा माणूस आवडतो तो इथे.

९ नोव्हेंबर

साचा नंबर दोन तयार. ठोकळे बसवले. विलो मऊ आणि हलका, पटाशीखाली साबणासारखा कापला जातो. आपल्याकडचा वाळुंज याच कुळातला, पण त्याचं लाकूड मी वापरलेलं नाही, त्यामुळे चालेल असं म्हणणार नाही. ठोकळे साच्याला फक्त दोन थेंब सरसाने धरलेत, कारण नंतर टकटक करून सोडवायचेत. इथे सढळ हाताने सरस लावाल तर साचा सोडवताना ठोकळा फाटेल.

पट्ट्या मेपलच्या, एक मिलिमीटर. ज्वाळांसारखे पट्टे ठळक असलेलं लाकूड घेतलं होतं आणि तिथेच अडचण आली. कंबरेचा वळसा घेताना गरम लोखंडी नळीवर पट्टी दोनदा पट्ट्याच्या रेषेवरच तडकली. ज्वाळा म्हणजे तंतू वरखाली लाटेसारखे गेलेले असतात, त्यामुळे प्रत्येक लाटेवर लाकूड तुटायला तयारच असतं. उपाय तीन केले आणि तिन्ही लागले. कंबरेच्या पट्ट्या खरवडून ०.९ मिलिमीटरवर आणल्या. पाण्यात भिजवणं बंद केलं, फक्त ओलं फडकं फिरवलं. आणि पट्टीमागे पातळ पोलादी पट्टी धरून दोन्ही एकत्र वळवल्या, म्हणजे बाहेरच्या बाजूचे तंतू ताणून सुटत नाहीत. नळी इतकी गरम हवी की पाण्याचा थेंब टाकला की नाचत पळाला पाहिजे, बसून उकळत राहिला तर कमी आहे.

तडकलेल्या पट्ट्यांचे १८ युरो.

२३ नोव्हेंबर

क्रेमोनात नोव्हेंबर म्हणजे धुकं. पो नदीकडून येतं आणि दुपारपर्यंत हटत नाही. कार्यशाळा गार, त्यात सरस.

सरस गरम ठेवावा लागतो, साधारण ६० अंश. लाकूड गार असेल तर लावल्या लावल्या जेलीसारखा होतो आणि सांधा वरून धरल्यासारखा वाटतो, आत कोरडा राहतो. वरच्या उजव्या पट्टीचा सांधा असाच सुटला. मिरजेच्या एका जुन्या सतारमेकरांना फोन केला. ते म्हणाले, “बेटा, आमच्याकडे आता फेव्हिकॉल, पण वालिद सरस लावायचे. लाकूड आधी शेकून घ्यायचे. आणि उकळू देऊ नकोस, उकळला की त्यातला जीव गेला.” माएस्त्रोंचंही तेच मत. हीटरसमोर पट्टी आणि ठोकळा दोन्ही कोमट करून लावले, घट्ट बसले.

पट्ट्यांच्या आतल्या कडांना विलोच्या अस्तरपट्ट्या. कंबरेतल्या अस्तराची टोकं कोपऱ्याच्या ठोकळ्यात खाच करून आत घुसवली. आमाती घराण्याच्या वाद्यांत ही खाच असते. नुसतं टोक ठोकळ्याला भिडवलं तरी चालेल असं वाटत होतं, पण साचा काढल्यावर फरक हाताला कळतो. अस्तर खाचेत अडकलेलं असलं की कंबर आत-बाहेर हलत नाही. साच्याशिवायही आकार टिकावा म्हणून केलेली ही सोय आहे, नक्षी नाही.

१४ डिसेंबर

मान. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला.

आजच्या व्हायोलिनची मान वरच्या ठोकळ्यात खाच करून बसवतात आणि मागे झुकवतात. त्या काळी मान सपाट बुडाने ठोकळ्याला चिकटवून पेटीच्या आतून लोखंडी खिळे ठोकायचे. एकोणिसाव्या शतकात सूर चढला, तारांचा ताण वाढला, तेव्हा जवळजवळ सगळ्या जुन्या वाद्यांच्या माना काढून नव्या लांब माना बसवल्या. वरचा नक्षीदार गोल तेवढा जुना ठेवून नव्या मानेला सांधला. म्हणून आज आमातीच्या वाद्यावर दिसतं ते डोकं त्याचं आणि मान दुसऱ्या कुणाची.

खिळे इथल्याच लोहाराकडून घडवून घेतले, चौकोनी आणि टोकाकडे निमुळते, १५ युरो. साचा काढला, पट्ट्यांचा सांगाडा सपाट फळीवर ठोकळ्या लावून धरला आणि पहिला खिळा ठोकला. विलोचा ठोकळा वरपासून खालपर्यंत चिरला. निमुळता चौकोनी खिळा पाचरीसारखं काम करतो, तंतूंच्या दिशेने कोपरा पडला की चीर ठरलेली.

ठोकळा बदलावा लागला. तोही पट्ट्या न सोडवता, म्हणजे पटाशीने तुकडे तुकडे करत. ते काम बरंच चाललं.

दुसऱ्यांदा असं केलं: गिरमिटाने आधी भोक, ठोकळ्यात खिळ्याच्या जाडीचं आणि मानेत थोडं कमी. खिळ्याला मेण. चौकोनाची सपाट बाजू तंतूंना आडवी. मधला खिळा आधी, तोही अर्धा, मग दोरा ताणून मान मधल्या रेघेत आहे का बघायचं, मग बाजूचे दोन. तीन खिळे पुरे.

दोरा ताणताना लक्षात आलं की मान पाठ चिकटवण्याआधी बसवण्यात फायदा आहे. मान केसभर तिरकी गेली तरी पट्ट्यांचा सांगाडा अजून लवचीक असतो, तो मानेकडे थोडा वळवून घेता येतो. पाठ नंतर त्या वळवलेल्या सांगाड्यावरून आखली जाते, म्हणून चूक गिळली जाते आणि तारा पेटीच्या मधोमध येतात. जुन्या क्रेमोनी वाद्यांचे दोन खांदे अगदी सारखे नसतात. साचा समसमान, वाद्य किंचित तिरकं, आणि तरी तारा सरळ. पहिल्या साच्याच्या वेळी मी ज्या तिरकेपणाची नक्कल करत होते त्यातला काही भाग झिजेचा होता आणि काही बहुधा असा आला असणार.

११ जानेवारी २०२५

पाठीचं लाकूड: बाल्कनकडचं मेपल, दोन तुकड्यांचं, १४० युरो. मधला सांधा लांब रंध्याने. दोन्ही तुकडे उजेडासमोर धरून मध्ये प्रकाशाची रेघ दिसेनाशी होईपर्यंत रंधायचं. एवढंच काम, पण घाई करू नका. हा सांधा सुटला तर पुढचं सगळं फुकट.

सांगाडा पाठीवर ठेवला आणि एका छोट्या वॉशरमधून पेन्सिल फिरवली. वॉशर पट्टीला टेकून फिरतो, त्यामुळे झूल सगळीकडे सारखी येते. कोपरे हाताने लांबवले.

फुगवटा काढताना गोल पटाशी तंतूंना आडवी चालवली. उभी चालवली की ज्वाळांच्या जागी टवका उडतो. पटाशीनंतर छोटा दातेरी रंधा, मग पोलादी खरवडपट्टी. आमातीचा फुगवटा मधे भरीव असतो आणि कडेजवळ पन्हळीसारखा खाली उतरून पुन्हा कडेला उचलतो. ती पन्हळ मी सुरुवातीला उथळ ठेवली होती, प्लास्टरच्या ठशाशी तिरप्या उजेडात ताडून बघितलं तर माझी पाठ बशीसारखी दिसत होती. खोल केली. उंची १४.५ मिलिमीटर.

१५ फेब्रुवारी

कडेची तिपदरी रेघ: काळी, पांढरी, काळी. ही नुसती शोभा नाही, कडेला चीर पडली तर इथे थांबते. तयार पट्ट्या विकत मिळतात, पण मला रंग स्वतः करायचा होता. पांढरी पॉपलरची, काळी नाशपातीच्या लाकडाची.

काळ्यासाठी मायफळ आणि हिराकस. दोन्ही मागच्या वेळी येताना काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेलं. मायफळ तर आमच्या घरी बाळगुटीच्या डब्यात असतं. मायफळाच्या काढ्यात पट्ट्या उकळल्या, मग हिराकसाच्या पाण्यात बुडवल्या. बघता बघता शाईसारख्या काळ्या. वाळल्यावर खाचेत वळवायला घेतल्या तर बिस्किटासारख्या तुटायला लागल्या. हिराकसाच्या आम्लाने लाकूड ठिसूळ होतं.

दुसऱ्या खेपेला हिराकस पातळ केला, बुडवण्याचा वेळ कमी केला, एकदम काळं करण्याऐवजी काढा आणि हिराकस आलटून पालटून दिले. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात विसळून स्वच्छ पाण्याने धुतल्या. काळा थोडा तपकिरीकडे झुकला, पण पट्टी वळते. ०.४ मिलिमीटरहून जाड ठेवू नका. कोपऱ्यात तिन्ही पदर तिरके कापून एकमेकांना भिडवायचे आणि टोक किंचित पुढे काढायचं. चार कोपऱ्यांपैकी तीन बरे, एकात सरस आणि लाकडाचा भुगा भरावा लागला.

१ मार्च

पाठ आतून पोखरली. आमाती घराण्याच्या पाठींना आतल्या बाजूने, मधोमध एक बारीक निमुळतं भोक असतं, काहींत त्यात लाकडाची खुंटी. हे भोक बाहेरून फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. मी सुरुवातीला ते वगळणार होते. मग करून बघितलं आणि ते कामाचं निघालं. जाडी जिथे सर्वात जास्त ठेवायची तिथे ते घेतलं, त्यात कंपासचं टोक रोवून आत वर्तुळं आखली. मधे ४.८ मिलिमीटर, प्रत्येक वर्तुळाला थोडं कमी, कडेला अडीच. जाडी मोजत बसायला एक ठरलेलं केंद्र मिळतं, नाहीतर पोखरताना हात भरकटतो. पोटाच्या आतल्या बाजूला असं भोक लागत नाही, तिथे मी जाडी सगळीकडे तीनच्या आसपास ठेवतेय.

पाठ सांगाड्यावर चिकटवली. वरून-खालून दोन बारीक खुंट्यांनी जागा धरून ठेवली, म्हणजे क्लॅम्प लावताना सरकत नाही.

२९ मार्च

पोटाचं लाकूड उत्तर इटलीच्या डोंगरातल्या व्हाल दि फिएम्मे खोऱ्याचं स्प्रूस. २०१८ च्या ऑक्टोबरात व्हाया नावाच्या वादळाने तिथले अक्षरशः डोंगरच्या डोंगर उघडे केले. त्यात पडलेल्या झाडाचा हा तुकडा, कुऱ्हाडीने फोडलेला, तेव्हापासून वाळत ठेवलेला. ७० युरो. करवतीने कापलेलं घेऊ नका, फोडलेलंच घ्या, कारण फोडताना लाकूड स्वतःच्या तंतूंच्या रेषेत फुटतं आणि पोटाला तेच हवं.

इंग्रजी एफसारखी भोकं आधी वर्तुळांनी सुरू होतात. वरचा आणि खालचा डोळा कंपासने ठरवायचा, गिरमिटाने पाडायचा, मग मधली वळणं नमुन्यावरून आखून सुरीने कापायची. आंद्रेआची भोकं नंतरच्या निकोलोइतकी सडपातळ नाहीत, जरा रुंद आणि मोकळी. पहिल्या बाजूला सुरी कडक रेषेत अडकून घसरली आणि पंखाचं टोक गेलं. त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यातून तंतू जुळवून चिकटवलं. बघणाऱ्याला दिसेल, पण धरून राहील.

२६ एप्रिल

पोटाला आतून, जाड तारांच्या बाजूला चिकटवतात ती बास-दांडी आजच्यापेक्षा बुटकी आणि आखूड ठेवली. तातीच्या तारांचा ताण कमी, त्यामुळे मोठी दांडी लागत नाही, उलट पोट जड होतं. पेटी बंद केली. पोट चिकटवताना सरस मुद्दाम पातळ. दुरुस्तीला कुणीतरी पुढे उघडेल तेव्हा फळी न फाटता सुटली पाहिजे. राजाच्या संचातलं १५६४ चं एक व्हायोलिन ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे, एक इंग्लंडमधल्याच कार्लाइलच्या टली हाउस संग्रहालयात, संचातलं मोठं बास-वाद्य अमेरिकेत व्हर्मिलियनला. त्या संचात ३८ वाद्यं होती असं परंपरेने मानतात. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात व्हर्सायमधून बरीच नाहीशी झाली. जी उरली ती आजवर टिकली, त्यात पुन्हा पुन्हा उघडता येणाऱ्या सांध्यांचा वाटा आहे. फेव्हिकॉलने चिकटवलेलं पोट उघडताना लाकूडच सोबत येतं, म्हणून भारतात करणाऱ्यांनाही हात जोडून सांगते, इथे सरसच वापरा.

पावसाळ्याची काळजी मिरजेहून विचारली होती. पेटी बंद करण्याचं काम दमट हवेत करू नका. ओल्या हवेत फुगलेलं पोट चिकटवलं तर उन्हाळ्यात आक्रसताना मधोमध तडकतं. फेब्रुवारी किंवा मार्च बघा.

३१ मे

व्हार्निश. जवसाचं तेल आणि राळ. रंगासाठी मंजिष्ठेच्या मुळांचा काढा तुरटीने फाडून काढलेली लाल भुकटी. शिजवणं उघड्यावर, इलेक्ट्रिक शेगडीवर, झाकण आणि वाळूची बादली हाताशी. राळेला आग लागते ती बघता बघता, पाणी ओतायचं नाही. हे घरात गॅसवर कुणीही करू नका.

पहिला हात दाणेदार लागला. मंजिष्ठेची भुकटी तेलात नुसती ढवळली होती. खरवडून काढलं. नंतर काचेच्या फरशीवर काचेच्या बत्त्याने थोडं तेल घालून इतकं घोटलं की बोटांना कण लागेना. आंद्रेआची व्हार्निश लालभडक नसते, सोनेरी तपकिरी असते, म्हणून लाल अगदी कमी आणि राळ जास्त वेळ शिजवून तिचाच रंग आणला. दुसरी अडचण सुकण्याची. मेमध्ये पाऊस लागला आणि हात आठवडाभर चिकट. माएस्त्रोंच्या अतिनील दिव्यांच्या पेटीत टांगल्यावर सुटलं. आपल्याकडे एप्रिलचं ऊन असताना ही पेटी लागणार नाही.

५ जुलै

तारा. चारही तातीच्या, मेंढीच्या आतड्याच्या. सारंगीवाल्यांना ही तात नवीन नाही. धातू गुंडाळलेल्या तारा आंद्रेआनंतर जवळजवळ शतकभराने आल्या, त्यामुळे त्याच्या व्हायोलिनवर सगळ्यात खालची तारही साधी आतड्याचीच. संच ६२ युरो.

सगळ्यात वरची तार सुरात येण्याआधीच तुटली, दुसरीही. तार दोष देण्यासारखी नव्हती. मानेच्या टोकाशी तारा जिच्यावरून जातात त्या आडव्या पट्टीतल्या खाचेची मागची कड धारदार राहिली होती आणि तिथेच दोन्ही तुटल्या. कड गोल घासली, पेन्सिलचं शिसं चोळलं, तिसरी टिकली. सूर ४१५ हर्ट्झवर (‘ए’ स्वर) ठेवलाय.

खालची जाड तार सुरुवातीला बोलतच नव्हती, गज ओढला की नुसती खरखर. साउंडपोस्ट, म्हणजे पेटीतली पोट आणि पाठ यांमधली उभी काडी, अर्धा मिलिमीटर बास बाजूला सरकवला, घोडी पातळ केली, आणि दोरीसारखी जास्त पीळ दिलेली तार लावली. आता बोलते, पण सावकाश. तिला गज हलका आणि लांब द्यावा लागतो. वरच्या तीन तारा मात्र पहिल्या ओढीपासून खुल्या. आवाज मोठा नाही. खोलीत जवळ बसणाऱ्याला प्रत्येक स्वराची सुरुवात ऐकू येते, शब्दाच्या पहिल्या अक्षरासारखी, आणि मला तो फार आवडला. माएस्त्रोंनी वाजवून बघितलं, खालच्या तारेवर नाक मुरडलं, बाकीबद्दल काही बोलले नाहीत, पण परत द्यायलाही वेळ लावला.

मांडी घालून, डोकं पायावर टेकवून आपल्या पद्धतीने वाजवून पाहिलं. आखूड मान आणि पाचरीसारखी जाड बोटपट्टी मींडेला अडते, वरच्या सप्तकात अंगठा पेटीला लवकर भिडतो. हिंदुस्थानी संगीतासाठी वाद्य हवं असेल तर हे माप घेऊ नका, मोठं माप आणि आजची मान घ्या.

खर्च: लाकूड वाया गेलेल्यासह सुमारे ३२०, तारा दोन जादा धरून ८०, सरस-रंग-तेल-राळ ९०, खिळे १५, जुनी हत्यारं १६०. बाकाचं भाडं वेगळं आणि तेच सगळ्यात मोठं.

पुढच्या साच्यात दोन बदल करतेय. वरच्या ठोकळ्याची खाच तीन मिलिमीटर खोल, म्हणजे खिळ्यांना लाकूड जास्त मिळेल. आणि कंबरेजवळ दोरी आवळायची भोकं कडेपासून जरा आत, कारण आत्ताच्या साच्यात ती कड दाबाने फुटायला आलीय. नवी आखणी झाली की त्रिज्यांचे आकडे इथेच टाकते. मिरजेच्या मंडळींनी तोवर अक्रोडाऐवजी चांगला वाळलेला साग घ्यावा, फक्त जाडी १४ च्या खाली जाऊ देऊ नये.